घोडा स्वस्त, पण चंदीचें काय?

संसारांतील देणेंघेणें

जुन्या वस्तूंचा व्यवहार आपल्या घरांना नवा नाहीं. जुनें घर, जुनें सोनें, जुना तंबोरा यांची पारख करणारीं माणसें प्रत्येक गांवांत असतात. आणि जळगांवसारख्या सराफीकरितां नांवाजलेल्या शहरांत तर कसोटीचा दगड म्हणजे काय हें कोणास समजावून सांगावें लागत नाहीं. जुनें सोनें मोडावयास नेलें तर घडणावळ बुडते, परंतु सोन्याची किंमत राहते. मोटारीचा हिशेब याच्या नेमका उलट आहे. तिची किंमत दरसाल बुडत जाते आणि घडणावळ तेवढी मालकाच्या मागें राहते. त्यांतून ती मोटार साधी नसून वेगाच्या हौशीसाठीं बांधलेली, जिला स्पोर्ट्स मोटार म्हणतात तशी असली, तर ही घडणावळ पुनःपुन्हा मोजावी लागते.

हा विषय या महिन्यांत घेण्यास मेहरूणच्या एका भगिनींचें पत्र कारण झालें. त्यांचे यजमान नुकतेच नोकरींतून निवृत्त झाले. उभा जन्म त्यांनीं स्कूटरवर काढला. मुलींचीं शिक्षणें, लग्नें, घराचें कर्ज, सारें यथास्थित पार पडलें. आतां त्यांच्या मनांत दोन आसनांची, छप्पर उघडणारी एक लहानशी मोटार भरली आहे. ती गोव्यांत बनलेली व गोव्यांतच असलेली, वीस वर्षांहून जुनी आहे, आणि नव्या साध्या मोटारीहून पुष्कळ स्वस्त मिळत आहे. भगिनी लिहितात, "नाहीं म्हणणें माझ्या जिवावर येतें. त्यांनीं स्वतःसाठीं आजवर कांहीं मागितलें नाहीं. परंतु ही रक्कम म्हातारपणाच्या शिदोरींतून जाणार. तेव्हां घरांत नक्की काय येणार आहे, एवढें तरी आधीं कळूं द्या."

प्रश्न रास्त आहे. घ्या किंवा घेऊं नका असें सांगण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु अशी मोटार उंबऱ्याशीं आली म्हणजे तिच्यामागून काय काय येतें, तें मात्र सांगतां येईल.

पत्रांतील वर्णन सॅन स्टॉर्म या मोटारीशीं जुळतें. गेल्या शतकाच्या अखेरीस सॅन मोटर्स या कंपनीनें ती गोव्यांत बांधावयास घेतली. दोन आसनें, फायबरग्लासचें अंग, आणि फ्रान्सच्या रेनो कंपनीचें ११४९ घनसेंटिमीटरचें, सुमारें ६० अश्वशक्तीचें इंजिन, असा तिचा थाट. तेंच इंजिन युरोपांत क्लिओ व ट्विंगो या घरगुती मोटारींत बसविलेलें असे. पुढें २०१२ सालीं दिल्लीच्या मोटार-प्रदर्शनांत डीसी अवंति ही दुसरी देशी स्पोर्ट्स मोटार लोकांपुढें आली. तिचेंही दोन लिटरचें इंजिन रेनोकडूनच घेतलेलें होतें. दोन्ही मोटारी थोड्या संख्येनें बनल्या आणि दोहोंचेंही उत्पादन आतां बंद आहे. मोटारीचें नांव देशी, पण काळीज परदेशी, आणि तिला जन्म देणारा कारखाना आतां ती बनवीत नाहीं, ही गोष्ट खरेदीपूर्वीं नीट ध्यानांत घ्यावी.

म्हणून कोणत्याही जुन्या मोटारीविषयीं पहिला प्रश्न विचारावयाचा तो वेगाचा नव्हे, भावंडांचा. हिचीं भावंडें रस्त्यावर किती आहेत? आमच्या भागापासून दूर नसलेलें एक उदाहरण घ्या. अजिंठ्याचा घाट चढून गेलें म्हणजे पुढें छत्रपति संभाजीनगरजवळ शेंद्रा येथें स्कोडा कंपनीचा कारखाना आहे. तेथें २००१ सालापासून ऑक्टेव्हिया मोटारी जुळविल्या जाऊं लागल्या. त्याच मोटारीची आर.एस. नांवाची, १५० अश्वशक्तीची टर्बो आवृत्ति २००४ च्या सुमारास आपल्याकडे विकली गेली. तिचा टर्बो महाग आहे हें खरें. परंतु दरवाजाची कडी, कांच, दिवा, ब्रेकची नळी अशा शेंकडों किरकोळ वस्तु साध्या ऑक्टेव्हियाशीं मिळत्याजुळत्या असल्यामुळें त्या कोठें ना कोठें सांपडतात. एकुलत्या एका मोटारीचें तसें नाहीं. तिच्या समोरची कांच फुटली तर ती कोठून आणावयाची, याचें उत्तर विकणाऱ्याकडून खरेदीपूर्वींच घ्यावें. उत्तर गुळमुळीत आलें तर किंमत कितीही उतरली तरी ती उतरलेली समजूं नये.

येथें या सर्व व्यवहारांतील मुख्य गोष्ट येते. मोटार जुनी झाली म्हणजे तिची किंमत उतरते, परंतु तिची भूक उतरत नाहीं. अमीर घरांतला घोडा म्हातारपणीं स्वस्तांत विकला गेला, तरी त्याला चंदी लागते ती अमिरीचीच. गाढवाच्या चाऱ्यावर तो जगत नाहीं. वीस लाखांची मोटार वीस वर्षांनंतर तीन लाखांस मिळाली, तरी तिचे टायर, ब्रेक, क्लच आणि मेस्त्रीची मजुरी हीं वीस लाखांच्या मोटारीच्याच हिशेबानें चालतात. विकणारा मनुष्य नेमक्या याच वेळीं विकावयास कां निघाला, याचें उत्तर पुष्कळदां एखाद्या मोठ्या दुरुस्तीच्या अंदाजपत्रकांत असतें. त्यानें टाळलेला खर्च घेणाऱ्याच्या दारीं येतो.

दुसरा फसवा मोह कमी किलोमीटरचा. "फार चाललेली नाहीं, नुसती उभी होती," हें वाक्य गुण म्हणून सांगितलें जातें. वास्तविक मोटारीला चालण्याइतकेंच उभें राहणेंही बाधतें. रबराचे पाइप, तेल अडविणारीं सीलें, पट्टे आणि टायर हे किलोमीटर मोजीत नाहींत, वर्षें मोजतात. टायरच्या कडेवर चार आंकडे एका चौकटींत छापलेले असतात. १४१९ असें असेल तर तो टायर २०१९ सालच्या चौदाव्या आठवड्यांत बनला. वरची नक्षी कोरी करकरीत दिसली तरी आंकडे दहा वर्षांमागचे निघाले तर चारही टायर बदलण्याचे पैसे किंमतींतून वजा करावेत. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें, म्हणून साधारणपणें दोन वर्षांनीं तें बदलावें लागतें. उभ्या मोटारीचें तें कोणी बदललेलें नसतें. इंजिनांत दातेरी पट्टा असेल तर तो केव्हां बदलला याची पावती मागावी. पुष्कळ इंजिनांत हा पट्टा तुटला म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, आणि थोडक्या पैशांचें काम इंजिन उलगडण्यावर जातें.

मोटार कोणत्या हवेंत राहिली हेंही पाहावें. फायबरग्लासला गंज चढत नाहीं, म्हणून अंग चकचकीत दिसतें. परंतु त्या अंगाखालीं जो सांगाडा आहे तो लोखंडाचा असतो, आणि गोव्याची खारी, दमट हवा लोखंडाची वैरीण आहे. तेव्हां रंगावर बोटें न फिरवितां मोटार लिफ्टवर चढवावयास लावावी, विजेरी घेऊन खालून पाहावें, जोड आणि कोपरे यांवर बोथट हत्याराचा हलका ठोका मारून पाहावा. ताजा काळा रंग दिसला तर संशय वाढवावा. फायबरच्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा एका ठिकाणीं एकवटलेल्या दिसल्या तर तेथें कधींतरी धक्का बसलेला असण्याचा संभव फार. याच्या उलट, खानदेशांत वाढलेल्या मोटारीला गंज कमी. पण उन्हानें कापडी छप्पर चिरलेलें, डॅशबोर्ड तडकलेला आणि रेडिएटर धुळीनें गुदमरलेला असा तिचा संसार असतो. गोव्याहून मेहरूणास येणाऱ्या मोटारीस दोन्ही हवांचे भोग मिळतात, हें विसरूं नये.

इंजिनाची परीक्षा थंडच करावी. आपण पोंचण्यापूर्वींच विकणाऱ्यानें तें सुरू करून ठेवलें असेल तर बॉनेटवर हात ठेवतांच कळतें. अशा वेळीं नम्रपणें सांगावें, "आम्ही संध्याकाळीं पुन्हा येतों." पहिल्या सुरुवातीस निळसर धूर आला तर इंजिन तेल खात आहे; काळा आला तर पेट्रोल पुरतें जळत नाहीं; आणि इंजिन तापल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर येतच राहिला तर रेडिएटरचें पाणी आंत शिरत असावें. याउपर सिलिंडरांचा दाब मोजून घ्यावा. एकूण आंकडा किती यापेक्षां सर्व सिलिंडरांचे आंकडे एकमेकांशीं जुळतात कीं नाहीं, तें महत्त्वाचें. ही तपासणी विकणाऱ्याच्या ओळखीच्या मेस्त्रीकडून न करवितां आपण नेमलेल्या माणसाकडून करवावी. या कामीं दिलेली मजुरी हा संपूर्ण व्यवहारांतील सर्वांत स्वस्त विमा होय.

पसंती झाली तरी ती मोटार चालवीत गोव्याहून जळगांवास आणण्याची हौस आवरावी. वाटेंत सह्याद्रीचा घाट आहे, पल्ला शेंकडों किलोमीटरांचा आहे, आणि वर्षानुवर्षें उभ्या असलेल्या यंत्राचे ब्रेक घाटांत प्रथमच अजमावणें हा जिवाशीं खेळ आहे. ती ट्रकवर घालून आणावी. पहिला महिना ब्रेक, टायर, तेलें, पाइप आणि पट्टे यांवर खर्च करावा. मग मेहरूणच्या तलावाकांठीं हळू चालवून पाहावी, आणि सर्व कांहीं ठीक वाटल्यावर नेरी-पहूरच्या वाटेनें फर्दापूरपर्यंत न्यावी.

आतां कागदांकडे वळूं. या बाबतींत शिकलेलीं माणसेंही गाफील राहतात. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती पांच पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. हें नूतनीकरणाचें शुल्क एप्रिल २०२२ पासून हलक्या मोटारीस ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालें; आणि ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय नियमदुरुस्तीनें वीस वर्षांवरील मोटारीस १०,००० रुपये ठरलें. परदेशांतून आणलेल्या मोटारीस हाच आंकडा ८०,००० रुपये आहे. नूतनीकरण चुकलें असेल तर उशिराच्या प्रत्येक महिन्याचे ५०० रुपये वेगळे. याशिवाय जुन्या मोटारींवर महाराष्ट्रांत पर्यावरण कर आहे. तेव्हां नोंदणीपुस्तकांतील मुदतीची तारीख ही पहिल्या भेटींतच पाहावी.

मोटार दुसऱ्या राज्यांतली असल्यामुळें तेथील आर.टी.ओ.चें ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, आणि मालकी बदलण्याचे नमुने २९ व ३० हे सह्यांसह हातांत आल्यावांचून पूर्ण पैसे देऊं नयेत. जुनें कर्ज नोंदलेलें असेल तर तें फिटल्याचा नमुना ३५ हवा. चासी नंबर आणि इंजिन नंबर लोखंडावरून स्वतः वाचून पुस्तकाशीं ताडून पाहावेत, आणि परिवहन खात्याच्या नोंदींत कर्ज, दंड किंवा मनाई नाहीं ना हें खात्रीनें पाहून घ्यावें. बारा महिन्यांहून अधिक काळ मोटार महाराष्ट्रांत ठेवावयाची तर येथील क्रमांक, म्हणजे जळगांवचा एम.एच. १९, घ्यावा लागतो आणि येथील रस्त्याचा करही भरावा लागतो. कायद्यानें घेणाऱ्यानें ३० दिवसांच्या आंत मालकीबदल कळवावयाचा असतो, आणि विम्यावरील नांव बदलण्यासाठीं १४ दिवसांत अर्ज करावयाचा असतो. विकणारा टंगळमंगळ करूं लागला तर त्यास सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ सालचा निर्णय सांगावा. नोंदवहींत ज्याचें नांव आहे, अपघाताची जबाबदारीही त्याचीच, असें त्यांत स्पष्ट ठरलें आहे. तें ऐकल्यावर घाई त्यासच होईल. विम्याविषयीं आणखी एक सूचना: पांच वर्षांवरील मोटारीची विमारक्कम कंपनी व मालक यांनीं आपसांत ठरवावयाची असते, ती लेखी ठरवून घ्यावी.

कांहीं लोक मोटार "विंटेज" आहे असें सांगून भाव चढवितात. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणें हा मान पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षें उलटलेल्या वाहनासच मिळतो. वीस-पंचवीस वर्षांची मोटार ही नुसती जुनी मोटार होय.

पेट्रोलचाही विचार आतां करावा लागतो. २०२५ पासून बहुतेक पंपांवर मिळणारें पेट्रोल वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतें, आणि त्याची उष्णता-शक्ति पेट्रोलपेक्षां सुमारें एकतृतीयांशानें कमी असते. ज्या काळीं ही मोटार बनली, त्या काळचे रबरी पाइप व वॉशर या मिश्रणासाठीं बनविलेले नव्हते. ते नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या जातीचे बसवून घ्यावेत, आणि टांकी भरून मोटार महिनोन् महिने उभी ठेवूं नये. गळक्या पाइपाजवळ तापलेलें इंजिन असणें ही केवळ खर्चाची बाब नव्हे.

मेहरूणांत राहून ही मोटार वापरावयाची म्हणजे काय, याचेंही चित्र डोळ्यांपुढें असूं द्यावें. मे महिन्यांत जळगांवचा पारा कधीं कधीं ४५ अंशांस शिवतो; त्या दिवसांत छप्पर उघडून फिरणें मनुष्यास सोसत नाहीं व उभ्या रहदारींत तापणें इंजिनास सोसत नाहीं. पावसाळ्यांत जुनें कापडी छप्पर गळतें. उरले दसऱ्यापासून होळीपर्यंतचे दिवस, आणि त्यांतही सकाळ-संध्याकाळ. खरा आनंद एवढ्याच काळाचा आहे. वर्षभराच्या भाजीबाजाराला ती मोटार नाहीं. तिचें पोट जमिनीशीं टेकलेलें असल्यामुळें प्रत्येक गतिरोधकाशीं सामोपचारानें वागावें लागतें. गुडघे दुखणाऱ्या माणसानें तींत बसून आणि उठून, एकदां नव्हे चार वेळां, पाहावें. सुरत-नागपूर महामार्गावरील उंच मालमोटारींच्या चालकास इतकी बुटकी मोटार सहज दिसत नाहीं. चालकासाठीं एअरबॅग आपल्याकडे जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्यापूर्वींच्या मोटारींत ती असेलच असें नाहीं. म्हणून सीटचे पट्टे नवे बसवावेत, आणि रात्रीं महामार्गावर न जाण्याचा नेम पहिल्या दिवसापासून करावा.

इतकें वाचून आमच्या भगिनींनीं निराश होऊं नये. दोष सांगितले ते मोटारीचे, हौशीचे नव्हेत. ज्या गृहस्थानें सारें आयुष्य दुसऱ्यांच्या गरजांच्या मापानें बेतलें, त्यानें उतारवयांत एक वस्तु केवळ आनंदासाठीं मागितली तर तिला उधळेपणा म्हणवत नाहीं. मुली सासरीं गेल्यावर घरांत माणसेंही दोनच आणि मोटारींत आसनेंही दोनच. एक आसन आपलें आहे, हें पत्र लिहितांना त्यांच्या ध्यानांत आलें असेलच. परंतु आनंद टिकावा यासाठींच त्याला कुंपण हवें.

तें कुंपण आम्ही असें सुचवितों. ठरलेली किंमत आणि त्या किंमतीच्या निम्मी आणखी रक्कम, अशी दोन पाकिटें पहिल्याच दिवशीं वेगळीं करावींत. मोटार तीन लाखांची असेल तर दीड लाख पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठीं. दुसरें पाकीट भरतां येत नसेल तर पहिलें उघडूं नये. दोन्ही पाकिटें मिळून पूर्णपणें बुडालीं असें क्षणभर समजावें, आणि तरीही औषधपाणी, घरखर्च व अडीअडचणीची गंगाजळी यांस धक्का लागत नाहीं असें दिसलें, तरच पुढें पाऊल टाकावें. कर्ज काढून तर ही खरेदी करूंच नये. ऋण काढून सण करणाऱ्यास सणही गोड लागत नाहीं. दुसरें पाकीट वर्षाच्या आंत संपलें तर मोटार विकावयाची, हाही करार पतिपत्नींनीं आधींच करून ठेवावा. तो करार विकणाऱ्याच्या अंगणांत मोटार पाहून मन भुललें असतांना न करतां घरच्या चौरंगावर, वही-पेन्सिल घेऊन करावा.

घोडा घेतांना त्याचे दात पाहण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, आणि ती चांगली आहे. परंतु बाजारास निघण्यापूर्वीं आपल्या कणगींत चंदी किती आहे तें पाहणें, हें त्याहून आधींचें काम होय.